नदीचा काठ आणि पैशांची पेढी या दोहोंसाठी इंग्रजीत ‘बँक’ हा एकच शब्द कसा?

बडोद्यात हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण विश्वामित्रीचा काठ आणि महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०८ साली स्थापन केलेली बँक ऑफ बडोदा, या दोहोंचा संबंध याच शहराशी आहे. हे दोन शब्द निरनिराळ्या वाटांनी इंग्रजीत आले असले, तरी त्यांचे मूळ एकाच प्राचीन जर्मानिक शब्दात आहे, असे भाषातज्ज्ञ मानतात. काठाचा अर्थ अधिक जुना असून तो स्कँडिनेव्हियन भाषांकडून आला. त्यात उंचवट्याची कल्पना आहे. पेढीचा अर्थ मात्र इटलीतला आहे. तेथील सराफ भर बाजारात बाकावर नाणी मांडून ती बदलून देत, त्या बाकाला ‘बांका’ म्हणत, आणि तोच शब्द पुढे व्यवसायाला चिकटून, फ्रेंचमार्गे, पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोहोचला. आपल्या शाळेतला ‘बेंच’ही याच कुळातला. दिवाळखोराला लावला जाणारा ‘बँकरप्ट’ हा शब्दही ‘मोडलेला बाक’ अशा अर्थाच्या इटालियन शब्दांवरून घडला. परंतु देणी बुडवणाऱ्याचा बाक खरोखरच मोडत असत, या लोकप्रिय कथेवर पुराव्यावाचून विश्वास ठेवू नये.