हक्काची मतं की काठावरची?

प्रिय मुली,

निवडणूक जिंकायची तर हक्काच्या मतदाराला चेतवायचं की काठावरच्याला वळवायचं, असं तू विचारलंस. प्रचारात उतरणारी बहुतेक माणसं याचं उत्तर स्वभावाप्रमाणे देतात. तापट माणसाला पहिला मार्ग पटतो, सावध माणसाला दुसरा. तू आधी गणित मांड.

लढत दोघांतच आहे असं धर. घरी बसणाऱ्या आपल्या एका मतदाराला तू केंद्रावर आणलंस तर फरक एका मताने बदलतो. समोरच्याला मत देणारा एक जण आपल्याकडे वळला, तर त्यांचं एक कमी होतं, आपलं एक वाढतं, आणि फरक दोन मतांनी बदलतो. एवढी साधी गोष्ट प्रचाराच्या धामधुमीत विसरली जाते, कारण सभेला आपलीच माणसं येतात. टाळ्या, घोषणा, देणग्या सगळं त्यांचंच असतं. काठावरचा माणूस तिथे नसतो, त्यामुळे तो नाहीच असं वाटायला लागतं.

वळवणं अवघड असतं, हे मान्य. एका माणसाचं मत बदलायला लागणाऱ्या वेळात आपल्या कित्येकांना मतदानाची आठवण करून देता येते. म्हणूनच चेतवण्याचा मार्ग मोहात पाडतो. पण त्याची एक किंमत आहे, आणि ती समोरच्या बाजूला मोजली जाते. अमेरिकेतली 2004 ची निवडणूक बघ. रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष बुश यांच्या प्रचाराने हक्काच्या मतदारांवर प्रचंड मेहनत घेतली. 2000 साली त्यांना सुमारे 5 कोटी मतं होती, ती 6 कोटी 20 लाखांवर गेली. पण डेमोक्रॅटिक पक्षाची मतंही 5 कोटी 10 लाखांवरून 5 कोटी 90 लाखांवर पोहोचली. तिथे अध्यक्ष राज्यनिहाय निकालांवर ठरतो, त्यामुळे शेवटी सगळं ओहायो या एका राज्यावर आलं, आणि तिथला फरक होता सुमारे 1 लाख 18 हजारांचा. ओहायो गेलं असतं तर अध्यक्षपद गेलं असतं. जिंकले, पण जेमतेम. आपली माणसं पेटवणारी भाषा समोरच्यांनाही पेटवते.

त्याहून टोकाचं उदाहरण 1964 चं. रिपब्लिकन पक्षाचे कट्टर उजवे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्यावर त्यांचे कार्यकर्ते जीव टाकत होते, तशी निष्ठा फार थोड्या उमेदवारांच्या वाट्याला येते. त्यांना 50 पैकी 6 राज्यं मिळाली. 1972 मध्ये दुसऱ्या टोकाला, डेमोक्रॅटिक पक्षाचे डावे उमेदवार मॅकगव्हर्न यांचं तेच झालं, त्यांच्या हाती मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचा जिल्हा एवढंच लागलं. अँड्र्यू हॉल आणि डॅनियल थॉम्पसन या अभ्यासकांनी 2018 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या निवडणुका तपासून दाखवलं की, टोकाची भूमिका घेणारा उमेदवार दिला की झालेल्या मतदानातला आपल्या पक्षाच्या लोकांचा वाटा घटतो. म्हणजे ज्या उत्साहासाठी हा मार्ग धरायचा, तो उत्साह बहुतेकदा समोरच्यांच्या रांगेत दिसतो.

म्हणून माझं मत काठावरच्या मतदाराच्या बाजूने आहे. पण तो कोण, हे नीट समजून घे, कारण बहुतेक गफलत इथेच होते.

काठावरचा माणूस म्हणजे प्रत्येक प्रश्नावर दोन पक्षांच्या बरोबर मध्ये उभा असलेला माणूस नव्हे. श्रीमंतांवर जास्त कर लावा आणि स्थलांतर रोखा, या दोन्ही गोष्टी तो एका दमात म्हणू शकतो. 2016 मध्ये ट्रम्प स्थलांतरावर अत्यंत कडक बोलले, पण निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्य योजनेला हात लावणार नाही असंही सांगत राहिले. आधी ओबामांना मत दिलेली बरीच माणसं त्यांच्याकडे गेली. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन ही तिन्ही राज्यं मिळून 80 हजारांहूनही कमी मतांनी फिरली. दोन टोकांची सरासरी काढून केलेलं गुळमुळीत भाषण अशा माणसापर्यंत पोहोचत नाही. त्याला एखाद्या प्रश्नावर ठाम उत्तर हवं असतं, फक्त तो प्रश्न त्याचा असावा लागतो.

स्वतःला ‘अपक्ष मतदार’ म्हणवणारे सगळेच काठावर असतात, असंही समजू नकोस. 2012 च्या मतदानोत्तर चाचणीत अशा मतदारांमध्ये रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी 50 विरुद्ध 45 टक्क्यांनी पुढे होते, आणि निवडणूक ओबामांनी जिंकली. त्यांतले अनेक जण पक्षाचं नाव सांगत नाहीत, पण दर वेळी मत एकाच पक्षाला देतात. माणूस स्वतःला काय म्हणवतो ते बाजूला ठेव आणि मागच्या वेळी त्याने काय केलं ते विचार.

सगळ्यात मोलाचे असतात ते दोन्ही गटांना एकत्र आणणारे प्रश्न. ऑगस्ट 2022 मध्ये कॅन्ससमध्ये गर्भपाताच्या हक्कावर सार्वमत झालं. दोनच वर्षांपूर्वी ट्रम्प यांनी हे राज्य सुमारे 15 टक्क्यांच्या फरकाने जिंकलं होतं. तरी त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेतून तो हक्क काढायचा प्रस्ताव 59 टक्क्यांनी फेटाळला गेला. कार्यकर्ते तळमळीने दारोदार फिरले आणि समोरच्या पक्षाच्या मतदारांनीही साथ दिली. तिथे चेतवणं आणि वळवणं अशी निवड करावीच लागली नाही. असा प्रश्न मुद्दाम शोधावा लागतो, आणि तो बैठकीच्या खोलीत बसून सापडत नाही, लोकांच्या दारात सापडतो.

नियमांकडेही बघ. ऑस्ट्रेलियात 1924 पासून मतदान सक्तीचं आहे, त्यामुळे आपल्या माणसाला घराबाहेर काढण्याची चिंता तिथे फारशी उरत नाही. ब्रिटनमध्ये मतं कुठे पडतात याला महत्त्व. 2017 मध्ये कॉर्बिन यांच्या मजूर पक्षाला सुमारे 1 कोटी 28 लाख मतं आणि 262 जागा मिळाल्या. 2024 मध्ये त्याच पक्षाचे नवे नेते स्टार्मर यांना 97 लाखच मतं पडली, जागा मात्र 411. समोरची उजवी मतं फुटली हे एक कारण, आणि आपली मतं जिथे कमी होती तिथे ती पसरली हे दुसरं.

एक मात्र मनापासून सांगते. काठावरच्यासाठी जाताना आपल्या कार्यकर्त्याला गृहीत धरू नकोस. उन्हात फिरणारा, याद्या तपासणारा, मतदान केंद्रावर दिवसभर बसणारा तोच असतो. बंद खोलीत त्याला एक आणि बाहेर दुसरं सांगितलंस, तर त्याला ते कळतंच, आणि तो भांडत नाही, नुसता यायचा थांबतो. एखाद्या मुद्द्यावर नमतं घेणार असशील तर आधी त्याला सांग, का ते सांग, आणि त्याचं ऐकून घे. भाषण दोन्हीकडे एकच असू दे.

आता तुझ्या मतदारसंघाच्या मागच्या तीन निवडणुकांचे केंद्रनिहाय आकडे काढ. जिथे आपली मतं घरी राहिली ती केंद्रं एका रंगाने आणि जिथे ती समोर गेली ती दुसऱ्या रंगाने खुणाव, आणि तो नकाशा मला पाठव. कुठल्या वस्तीत कोणाला पाठवायचं, ते त्यावरून ठरवू.

तुझी,
मावशी