प्रश्न तुमचे, उत्तर डॉक्टरांचं : संशोधनासाठी रक्त द्यावं का?

प्रश्न : मला आमवात आहे. मुंबईला तपासणीसाठी जाते, तिथे संशोधनासाठी जादा रक्त मागितलं. सासूबाई म्हणतात, “उपचाराला गेलीस की प्रयोगाला?” रोगप्रतिकारशक्तीबद्दल अजून शोधायचं काय राहिलंय?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, जरूर द्या. मात्र संमतीपत्र मराठीतून मागा. रक्त किती घेणार, नाव गुप्त राहणार का, हे विचारूनच सही करा. नकार दिलात तरी उपचारांत फरक पडता कामा नये.

तुमच्या आजारात राखणीच्या पेशी सांध्यांच्या अस्तरावरच उलटतात. माझ्याकडे येणाऱ्या बायका सांगतात, “सकाळी नारळ खवायला बसलं तर मूठच वळत नाही, दहा वाजता कुठे बोटं सैल होतात.” तेवढ्यावरून मला पहिला संशय येतो.

हे का घडतं, ते उंदरांवरून पुरतं कळत नाही. प्रयोगशाळेतला उंदीर जन्मभर स्वच्छ पिंजऱ्यात; आपण जंत, ताप, शेतातला चिखल यांना तोंड देत वाढतो. माकडांवरूनही अंदाज चुकतो. २००६ मध्ये लंडनला टीजीएन १४१२ हे राखणीच्या पेशींना चेतवणारं औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं. माकडांना सोसलेल्या डोसाच्या पाचशेव्या हिश्श्याइतकंच! तरी काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले. सुदैवाने वाचले.

याउलट तुमच्या आजाराचं मोठं औषध रुग्णांनीच मिळवून दिलं, असं मी मानतो. लंडनमध्येच मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी रुग्णांच्या सांध्यांतलं अस्तर तपासलं. त्यातला टीएनएफ हा रेणू अडवला की सूज वाढवणारे इतर रेणूही ओसरतात, असं त्यांना दिसलं. १९९२ मध्ये टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनाची रुग्णांवर पहिली चाचणी झाली. आज ही इंजेक्शनं भारतातही बनतात.

पण हाच टीएनएफ क्षयाच्या जंतूंना शरीरात कोंडून ठेवतो. तो अडवला तर दडलेला क्षय उठू शकतो, म्हणून इंजेक्शनाआधी टीबीची तपासणी करतात. शिवाय एकीला लागू पडलेलं इंजेक्शन दुसरीला पडत नाही, आणि ते आधी ओळखण्याची खात्रीची चाचणी अजून नाही. ती सापडायची तर तुमच्यासारख्यांचंच रक्त तपासावं लागेल.

संशोधनात नाव घातलं म्हणून चालू गोळ्या बंद करू नका. मेथोट्रेक्सेट असेल तर ती आठवड्यातून ठरलेल्या एकाच दिवशी घ्यायची, रोज नाही.