दुपट्टा सोडायचा की नाही, हे तिला ठरवू द्या

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. माझी मुलगी पंधरा वर्षांची असून नववीत शिकते. ती तीन वर्षांची असताना रॉकेलची चिमणी अंगावर पडून तिचा डावा गाल आणि मान भाजली. मी तेव्हा गोठ्यात होते. आता ती घराबाहेर दुपट्टा सोडत नाही आणि लग्नकार्याला येत नाही. चेहऱ्यावर व्रण असलेल्या किशोरवयीन मुलींसाठी दिवाळीच्या सुट्टीत वर्ध्याजवळ पाच दिवसांचे निवासी शिबिर आहे, असे आमच्या आशाताईंनी सांगितले. सासूबाई म्हणतात, झाकलेले उघडे कशाला करायचे, उद्या सोयरीक जुळवायची आहे. मुलगी 'पाहू' एवढेच म्हणते. तिला पाठवू का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात घरातल्या सगळ्यांची मते आली आहेत; मुलीचा मात्र एकच शब्द आला आहे. मला तो शब्द आशादायक वाटतो, कारण पंधरा वर्षांच्या मुलीला जायचेच नसते तेव्हा ती 'नाही' म्हणायला अडखळत नाही. तिला पाठवावे असेच माझे मत आहे, परंतु आधी काही गोष्टींची चौकशी करून आणि शेवटचा शब्द तिचा ठेवून.

प्रथम दुपट्ट्याविषयी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सगळ्याच मुली डोळे तेवढे उघडे ठेवून दुपट्टा बांधतात आणि त्या दोन महिन्यांत तुमची मुलगी चारचौघींसारखीच दिसते. तिची खरी परीक्षा मृगाच्या पावसाबरोबर सुरू होते, जेव्हा इतरांचे दुपट्टे सुटतात आणि तिचा एकटीचा उरतो. म्हणून दुपट्ट्यावर राग धरू नका. व्रणाची त्वचा उन्हाने लवकर काळवंडते, त्यामुळे त्याचा उपयोगही आहेच. पहिल्याच दिवशी चेहरा उघडा करण्याचा आग्रह होणार असेल, तर ते शिबिर आपल्या कामाचे नाही.

अशा शिबिरातून नेमके काय मिळते, हे तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. ब्रिटनमधील जेम्स पार्ट्रिज यांचा चेहरा 1970 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, मोटारीच्या आगीत भाजला. पुढे 1992 मध्ये त्यांनी 'चेंजिंग फेसेस' ही संस्था काढली. तिच्या कामाचा भर व्रण पुसण्यापेक्षा लोकांच्या नजरेला आणि प्रश्नांना कसे तोंड द्यावे, हे शिकवण्यावर राहिला. कोणी टक लावून पाहिले किंवा विचारले, तर थोडक्यात सांगावे, समोरच्याला निर्धास्त करावे आणि विषय आपणच बदलावा, अशी ती रीत आहे. उदाहरणार्थ, "लहानपणी भाजले होते, आता दुखत नाही, कालचे गणित तुला सुटले का?" हे वाक्य आईने शिकवले तर उपदेश वाटतो, पण तशाच प्रसंगातून गेलेल्या मुलीबरोबर हसत-खिदळत घोकले तर अंगवळणी पडते. गावात तुमची मुलगी अशी एकटीच आहे. तिथे पंगतीत तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला काहीच समजावून सांगावे लागणार नाही.

आता चौकशीचे. फोटो किंवा व्हिडिओ काढणार का, आणि काढणार असल्यास ते कुठे जाणार, हे लेखी विचारा. देणगीदारांना दाखवण्यासाठी मुलींचे चेहरे वापरले जाणार असतील, तर स्पष्ट नकार द्या. मुक्कामाला जबाबदार स्त्रिया आणि प्रशिक्षित समुपदेशक कोण आहेत, रोज घरी फोन करता येईल का, मन रमले नाही तर मध्येच परतता येईल का, हेही विचारा. व्रण नाहीसे करण्याचे आश्वासन देऊन कोणी मलम किंवा लेझर विकत असेल, तर तिथून सरळ निघावे. जुना व्रण पूर्णपणे पुसला जात नाही. मात्र वाढत्या वयात भाजलेली कातडी बाकीच्या त्वचेइतकी वाढत नाही आणि ओढ बसू लागते. मान वळवताना ताण येत असेल, तर सेवाग्राम किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जनला दाखवा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळेल, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. हे काम शिबिराहून वेगळे आहे, त्याची सरमिसळ करू नका.

सासूबाईंची काळजी प्रेमापोटी आहे, हे मी मानते, पण गावात कोणापासून काय झाकले आहे? चिमणी पडली, ते गल्लीतल्या प्रत्येकाला त्याच रात्री कळले असेल. तो विषय निघत नसेल तर फक्त तुमच्या घरात निघत नसेल. शिवाय अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तिचे लग्न कायद्यानेही लावता येत नाही. त्यांना एवढे नम्रपणे सांगता येईल.

राहिले ते गोठ्याचे वाक्य. जागेअभावी मी तुमचे पत्र आटोपशीर केले आहे. मूळ पत्रात ते वाक्य तीनदा आले आहे. बारा वर्षे तुम्ही ते मनात बाळगून आहात आणि मुलीने ते तुमच्या नजरेत वाचले नसेल, असे मला वाटत नाही. त्या रात्रीची हकीकत तिला एकदा सरळ सांगा, रडू आले तरी चालेल, पण तिच्याकडून क्षमा मागून घेण्याचे ओझे तिच्यावर टाकू नका. तुम्हाला स्वतःला बोलायचे असेल, तर 'टेलीमानस' या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते.

ती 'हो' म्हणाली, तर सोडायला तुम्हीच जा. आणि पिशवी भरताना तिचा आवडता दुपट्टा तिच्या हाताशी येईल असा वरच ठेवा.