एमआरआय ‘नॉर्मल’ आला, तरी बाबांचा गोंधळ का वाढतोय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडिलांना नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. गेल्या वर्षभरात त्यांचा गोंधळ वाढलाय, खोलीत लहान मुलं बसलेली दिसतात. एमआरआयच्या रिपोर्टात मात्र ‘वयानुरूप आकुंचन’ एवढंच लिहिलंय. मग हा डिमेन्शिया (स्मरण, विचार ढासळत जाणं) नाही का? पेट स्कॅन करावा का? आणि एका संशोधनासाठी स्कॅनला बोलावलंय, तिथे न्यावं का?

माझ्या आईची शेवटची पाच वर्षं याच प्रश्नांत गेली आणि ती स्वतः अशा एका अभ्यासात होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रिपोर्ट चांगला आला म्हणून डिमेन्शिया नाही, असं कृपया धरून चालू नका. पार्किन्सन्समधल्या डिमेन्शियाचं निदान मुळात फोटोवरून होत नाही. मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या हालचालींच्या आजारांच्या तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2007 च्या निकषांत पाहिलं जातं ते हे: लक्ष, नियोजन, स्मरण, नजरेने अंदाज घेणं यांपैकी एकाहून जास्त गोष्टी पूर्वीपेक्षा ढासळल्यात का, आणि त्यामुळे रोजचं जगणं अडतंय का. हात थरथरतो म्हणून जे जमत नाही, ते यात मोजायचं नाही. आई टीव्हीचा रिमोट हातात घेऊन बघत बसायची. बोटं हलत होती, पण कुठलं बटण कशाचं, हेच हरवलं होतं. तो फरक आधी आम्हाला दिसला, मशीनला नाही.

मग एमआरआय कशाला? दुसरं काही नाही ना, हे पाहायला. पार्किन्सन्सची माणसं पडतात आणि डोक्यात कवटीखाली हळूहळू रक्त साचू शकतं. छोटे झटके येऊन गेलेले असतात, मेंदूत पाणी वाढलेलं असतं. हे सगळं एमआरआयमध्ये दिसतं. तुमच्या रिपोर्टात त्यातलं काही नाही, ही खरोखर चांगली बातमी आहे.

पेट स्कॅनमध्ये शरीरात किंचित किरणोत्सारी रेणू टोचून तो मेंदूत कुठे जातो ते पाहतात. त्यामुळे तो एकच नसतो, तर रेणूगणिक वेगळा. साखरेच्या पेटमध्ये मेंदूच्या मागच्या आणि वरच्या बाजूच्या भागांत साखर कमी वापरली जाताना दिसू शकते. अमिलॉइडचा पेट अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारा अमिलॉइड या प्रथिनाचा थर दाखवतो, पण पार्किन्सन्सच्या डिमेन्शियात तो अनेकांमध्ये नसतोच. डोपामाइनचा डॅटस्कॅन (तो पेट नव्हे, पण त्याचाही सल्ला कोणी देतं) तुमच्या वडिलांच्या बाबतीत बिघडलेलाच येणार, डिमेन्शिया असो वा नसो, कारण पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामाइन कमीच होतं. पार्किन्सन्समध्ये पेशींत साचणारं अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन दाखवणारा पेट अजून रोजच्या वापरात नाही. त्यामुळे डॉक्टरांना एकच विचारा: ‘या स्कॅनमध्ये काही वेगळं दिसलं तर उपचार बदलतील का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर त्या माणसाला कशाला दमवायचं?

पण या चित्रांनी एक गोष्ट फार मोलाची दाखवली, आणि ती तुमच्या कामाची आहे. मेंदूच्या तळाशी मायनर्टचा केंद्रक म्हणून पेशींचा एक पुंजका असतो. लक्ष टिकवायला लागणारं ॲसिटिलकोलिन हे निरोप पोचवणारं रसायन मेंदूच्या बाह्य थराला तिथून पोचतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका पेट अभ्यासात पार्किन्सन्सच्या डिमेन्शियात ही व्यवस्था अल्झायमरपेक्षाही जास्त ढासळलेली दिसली. पुढे एमआरआयवर हा पुंजका लहान असलेल्यांची बुद्धी नंतरच्या वर्षांत जास्त घसरते, असंही आढळलं.

याचा घरातला अर्थ काय? वडिलांच्या गोळ्यांची यादी आजच काढा. कंपासाठी दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल किंवा लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन त्यात आहे का? ही औषधं ॲसिटिलकोलिनचंच काम अडवतात. आधीच आटलेल्या झऱ्यावर दगड ठेवल्यासारखं होतं ते. आईची अशी एक गोळी डॉक्टरांनी हळूहळू काढली आणि तिचे भास बरेच उतरले. स्वतःहून मात्र काहीही अचानक बंद करू नका. उलट बाजूने, रिव्हास्टिग्मिन हे औषध ॲसिटिलकोलिन टिकवून धरतं आणि अमेरिकेत 2006 मध्ये याच डिमेन्शियासाठी त्याला मान्यता मिळाली. सगळ्यांना मोठा फरक पडत नाही, पण विचारून घ्या.

संशोधनाचं म्हणाल, तर न्यावं असं माझं मत आहे, फक्त आधी नीट चौकशी करून. आईला आदल्या रात्रीपासून लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, बंद ठेवायला सांगितलं होतं, कारण औषधाच्या असरात मेंदूचं काम वेगळं दिसतं. सकाळी ती लाकडासारखी कडक झाली होती. मशीनमध्ये कानांशी फोमच्या गाद्या घट्ट बसवल्या, पण जबडा कापत होता, पहिली चित्रं पुसट आली. मग मशीनच्या एवढ्या ठोकाठोकीच्या आवाजातही तिला डुलकी लागली. झोपेत कंप थांबतो. पुढची चित्रं स्वच्छ निघाली.

म्हणून विचारा: औषध किती तास बंद? लगेच द्यायला डोस सोबत ठेवता येईल का? काही वेगळं सापडलं तर आम्हाला कळवणार का? मधेच थांबता येईल ना? मेंदूत उत्तेजनाचं उपकरण बसवलेलं असेल तर ते पहिल्याच फोनवर सांगा. वैयक्तिक निकालाची अपेक्षा ठेवू नका, हे अभ्यास बहुधा शेकडो मेंदूंची सरासरी पाहतात. आणि संमतिपत्र वडिलांना स्वतः समजतंय तोवर, त्यांच्या चांगल्या तासात, त्यांच्याशीच बोलून ठरवा.