आईच्या पित्तनलिकेत खडा आहे, ईआरसीपी करणं सुरक्षित आहे का?

तुम्ही लिहिलंय की आई 58 वर्षांच्या आहेत. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आहेत, पित्तनलिका फुगलीय आणि तिच्यात 9 मिलिमीटरचा एक खडा दिसलाय, बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) 5 च्या वर आहे. डॉक्टरांनी ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेतला खडा काढणं, सांगितली आणि नात्यातलं कुणीतरी म्हणालं, "त्यात स्वादुपिंडाला सूज येऊन माणूस जातो." मी 12 वर्षं एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे. तुमच्या पाहुण्यांचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि अशा अर्धवट माहितीपायी घरी बसून राहिलेले पेशंट मी फार वाईट अवस्थेत येताना बघितलेत.

ती सूज का येते ते आधी सांगते. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी लहान आतड्याच्या सुरुवातीला बहुतेकांमध्ये एकाच तोंडाने उघडतात. आमच्या मॉनिटरवर ते तोंड म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा गुलाबी फुगवटा दिसतो. त्यातून बारीक तार पित्ताच्या नळीत सरकवायची असते. कधी पहिल्याच प्रयत्नात जाते, कधी सारखी स्वादुपिंडाकडे वळते. असे धक्के लागले की तोंड सुजतं, स्वादुपिंडाचा रस अडतो आणि सूज चढते. शंभरात साधारण 3 ते 10 जणांना ही सूज येते. त्यातल्या बहुतेकांना दोन-चार दिवस सलाईन आणि उपास एवढ्यावर निभावतं. थोड्यांना मात्र ती खरोखर जड जाते, हे लपवण्यात अर्थ नाही. रक्तस्राव शंभरात 1 ते 2 जणांना होतो, आतड्याला छिद्र पडणं त्याहून कमी. मृत्यूचं प्रमाण हजारात साधारण 1 ते 5, आणि त्या आकड्यात कर्करोगाचे, आधीच खंगलेले पेशंटही धरलेले असतात.

सुजेचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. तरुण बाई, बिलिरुबिन नॉर्मल, नळी बारीक, खडा असल्याची नुसती शंका, अशा पेशंटला तो जास्त. म्हणून नुसत्या शंकेवर ईआरसीपी करू नये, आधी एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीच्या टोकावरून केलेली सोनोग्राफी) करून खात्री करावी. तुमच्या आईंचा खडा सोनोग्राफीतच दिसलाय, नळी फुगलीय, कावीळ आहे. इथे खडा काढायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही. तो तसाच राहिला आणि अडलेल्या पित्तात पू झाला, तर थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब खाली जातो, आणि मग जी ईआरसीपी शांतपणे करता आली असती ती रात्री दोन वाजता आयसीयूतून पेशंट आणून करावी लागते. तोपर्यंत कुणी कावीळ उतरवायला नेऊ, झाडपाला देऊ म्हणालं तर कृपा करून ऐकू नका. ही अडथळ्याची कावीळ आहे, अडथळा निघाल्याशिवाय ती उतरत नाही.

दुर्बिणीतून नळीचं तोंड कापून खडा काढणं 1974 मध्ये जर्मनीत एर्लांगेनला आणि जपानमध्ये क्योतोला जवळपास एकाच वेळी सुरू झालं. त्याआधी पोट उघडूनच हे करावं लागायचं. आता भूल देऊन, बहुतेक वेळा पोटावर झोपवून करतात. तार आत गेली की तोंडाला छोटा छेद देतात, खड्याच्या वर फुगा नेऊन फुगवतात आणि हळूहळू खाली ओढतात. आधी गढूळ, काळपट पित्ताचा लोट येतो आणि मागोमाग खडा आतड्यात पडतो. तो शौचावाटे निघून जातो. इतकी वर्षं झाली, तरी तो क्षण आला की मला आजही हायसं वाटतं.

डॉक्टरांना दोन-तीन गोष्टी मोकळेपणाने विचारा. तुम्ही ईआरसीपी नियमित करता का? सूज टाळायला गुदद्वारातून इंडोमेथॅसिन किंवा डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक औषधं देणार का? 2012 मध्ये अमेरिकेत 602 जास्त धोक्याच्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात इंडोमेथॅसिनमुळे सुजेचं प्रमाण सुमारे 17 टक्क्यांवरून 9 वर आलं होतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा वेदनाशामक गोळ्यांची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर त्याही सांगा, आणि त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसले ते. खडा मोठा असला किंवा पूर्ण निघाला नाही तर पित्त वाहतं राहावं म्हणून नळीत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे छोटी पोकळ नळी, ठेवतात. तो साधारण 3 महिन्यांच्या आत काढायचा किंवा बदलायचा असतो. माझ्या सख्ख्या आत्याला असा स्टेंट ठेवला होता. कावीळ उतरली, जेवण सुरू झालं, ती गावी गेली, फाईल ट्रंकेत गेली. 14 महिन्यांनी हुडहुडी भरून ताप, डोळे पुन्हा पिवळे. स्टेंट बुजला होता आणि त्याच्याभोवती नवे खडे धरले होते. दोनदा दुर्बीण घालावी लागली. मी हेच काम करते, पेशंटना रोज हेच बजावते, आणि माझ्याच आत्याला फोन करायचं माझ्याकडून राहिलं. ते मला अजून लागतं.

तेव्हा डिस्चार्ज घेताना स्टेंट ठेवलाय का हे विचारा, आणि असेल तर काढायची तारीख त्याच दिवशी दोघांच्या मोबाईलमध्ये घाला. पित्ताशयाचं ऑपरेशनही लांबवू नका. शक्यतो त्याच भरतीत, नाहीतर दोन आठवड्यांच्या आत करतात, कारण खडे तयार होण्याची जागा तीच आहे. ईआरसीपीनंतर पाठीत जाणारी पोटदुखी, उलट्या, ताप किंवा काळी शौच यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.