ट्रॉम्बोन वाजवून पोट भरतं का? आणि मुलींना ऑर्केस्ट्रात घेतात का?

प्रश्न एका आईचा आहे. लेक सोळा वर्षांची, शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं पितळी फुंकवाद्य वाजवते आणि परदेशी शिकून सिम्फनी ऑर्केस्ट्रात, म्हणजे पाश्चात्य शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या मोठ्या ताफ्यात जायचं म्हणते. घरचे म्हणतात, बाईमाणसाच्या छातीत तेवढा दम नसतो.

ताई, आधी दमाचं बघू. १९८० साली जर्मनीतल्या म्युनिक फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने पहिल्या, म्हणजे मुख्य ट्रॉम्बोनच्या जागेसाठी ऑडिशन घेतली. ३३ उमेदवार, मध्ये पडदा. अ‍ॅबी कोनंट या अमेरिकन बाईंना बोलावणं गेलं तेच मुळी ‘श्रीयुत कोनंट’ म्हणून. पडद्याआडून त्या वाजवून गेल्या आणि जागा त्यांनाच मिळाली. पण लवकरच त्यांना दुसऱ्या खुर्चीवर, म्हणजे दुय्यम जागेवर ढकललं. सोलोला पुरुष हवा, असं संगीत दिग्दर्शक सर्जू चेलिबिदाके यांचं म्हणणं. बाई कोर्टात गेल्या. दम आहे हे दाखवायला त्यांना फुप्फुसांच्या इस्पितळात जाऊन तपासण्या कराव्या लागल्या, आणि त्या उत्तम आल्या. खुर्ची परत मिळाली, मग पगारासाठी वेगळं भांडण. १९९३ मध्ये त्यांनी ऑर्केस्ट्रा सोडला आणि जर्मनीतच ट्रॉसिंगनच्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक झाल्या. एवढं घरच्यांना वाचून दाखवा.

आणि खरं सांगू का, दमावर इथे फारसं अडतच नाही. मी साताऱ्याकडचा, आजोबांचा लग्नाचा बँड होता. वरातीत फटाक्यांच्या वर आवाज काढायचा, हेच माझं पहिलं शिक्षण. इंग्लंडला शिकायला आलो, तर सरांनी पहिलं वर्षभर फक्त हळू आवाजात वाजवून घेतलं! ब्राम्स या जर्मन संगीतकाराच्या पहिल्या सिम्फनीत ट्रॉम्बोनवाले पहिले तीन भाग नुसते बसून असतात. म्हणजे जवळपास अर्धा तास. तोवर पितळ गार पडतं, सूर उतरतो, ओठ कोरडे होतात. आणि चौथ्या भागात देवघरात म्हटल्यासारखं मऊ, तिघांनी एका श्वासात वाजवायचं. मी अजूनही आधीची पाच मिनिटं वाद्यात नुसती ऊब फुंकत बसतो.

आता पोटाचं. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले पंचवीस-तीस असतात, ट्रॉम्बोनवाले साधारण तीन: दोन टेनर, एक बास (खालच्या सुरांचा). एकदा बसलेला माणूस वीस-पंचवीस वर्षं उठत नाही. इथे ऑडिशननंतरही ‘ट्रायल’ असते. बोलावतील तेव्हा जाऊन वाजवायचं आणि पसंतीची वाट बघायची. मी एका ठिकाणी दीड वर्ष तशी काढली, शेवटी दोन ओळींचं आभाराचं पत्र आलं. महिनाभर वाद्य पेटीतून काढलं नव्हतं.

त्यानंतर जे जुळत गेलं तेच माझं करिअर. कुणी आजारी पडला की त्याच्या जागी जायचं, तेही कधी कधी दुपारी फोन आणि संध्याकाळी कार्यक्रम. नाटकाच्या रंगमंचापुढे वादकांसाठी असलेल्या खड्ड्यात आठवडाभर तेच तेच संगीत. रविवारी हौशी ब्रास बँडची तालीम घ्यायची. आणि सोमवार ते गुरुवार शाळा. घरभाडं निघतं ते शाळांवर. आठ वर्षांच्या पोराचा हात स्लाइडच्या, म्हणजे सरकत्या नळीच्या सातव्या जागेपर्यंत पोचत नाही, म्हणून त्याला प्लास्टिकचं हलकं वाद्य द्यायचं आणि जवळच्या चार-पाच जागांत बसतील अशी गाणी शोधायची. आपल्याकडे ‘वाजवता आलं नाही म्हणून शिकवतो’ असं सहज बोलतात. मला ते पटत नाही. डेनिस विक १९५७ ते १९८८ लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रात पहिला ट्रॉम्बोन वाजवत होते, त्याच काळात लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकवत होते आणि शिवाय माउथपीस आणि म्यूटही (आवाज दबवायला वाद्याच्या तोंडात बसवतात तो) बनवत होते. त्यांच्या नावाचा म्यूट माझ्याही पेटीत आहे.

भारतात परत येऊन हेच करता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राने २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, पण त्यातले बरेच वादक बाहेरून येतात आणि काम सीझनपुरतं. त्या एकाच दारावर विसंबू नका. सोबत पियानो आणि स्वरलेखन पक्कं करायला लावा, शिकवायला दोन्ही लागतं.

एक काम आजच करा. तिच्या वाद्याला डाव्या अंगठ्यापाशी खटका आहे का बघा, त्याला एफ-व्हॉल्व्ह म्हणतात. ऑर्केस्ट्रात बहुतेक सगळे तसंच वाद्य वाजवतात. नसेल तर लगेच नवं घेऊ नका, जुनं चांगलं मिळतं. नळीचं माप आणि तुमचं बजेट इथेच लिहा, मी सांगतो.