कुंडीखालची किल्ली

प्रश्न : काका, आमच्या दाराला लॅच आहे. दोन पावलं बाहेर टाकली आणि वाऱ्यानं दार लागलं, असं या वर्षात तीनदा झालं. शेवटच्या वेळी तर धाकटा आत झोपलेला होता. म्हणून एक किल्ली बाहेरच लपवून ठेवायची आहे. सासूबाई म्हणतात पायपुसण्याखाली ठेव, हे म्हणतात मीटरच्या पेटीत. घर बैठं आहे, पुढे छोटं अंगण आहे. तुम्ही कुठे ठेवली असती?

उत्तर : ताई, बत्तीस वर्षं मी लोकांची कुलपं उघडून देतोय. दाराशी पोचलो की पिशवी खाली ठेवतो आणि आधी नुसती नजर फिरवतो. घरमालक अडचण सांगत असतानाच त्यांनी कधीकाळी ठेवलेली आणि साफ विसरलेली किल्ली मी त्यांच्या हातात दिली आहे, तीही एकदा नाही. पायपुसणं, चौकटीची वरची कड, मीटरची पेटी, कुंडी. एवढं बघायला मला मिनिटभर लागतं. चोरालाही तेवढंच लागणार. तेव्हा सासूबाई आणि यजमान, दोघांच्याही जागा बाद.

कुंडीचं जरा सांगतो. ओळीत सहा कुंड्या. पाचांच्या बुडाशी शेवाळ फरशीला घट्ट धरलेलं, सहावीच्या कडेला मात्र शेवाळ तुटून चंद्रकोरीएवढी फट पडलेली, आणि शेजारी फरशीवर घासल्याचा पांढरा ओरखडा. आता आणखी काय शोधायचं? जागा कितीही नामी असू द्या, आपला हातच तिची चुगली करतो. त्यातून काही जण किल्ली आहे ना, म्हणून दर आठवड्याला उचलून बघतात! विकतचा पोकळ दगडही असाच फसवतो. पाऊस पडून गेला की खरे दगड गडद दिसतात, हा आपला फिकाच.

मी आकड्यांची पेटी लावली असती, म्हणजे किल्ली आत ठेवायची छोटी पेटी, जी चाकांवर किंवा बटणांवर ठरलेला आकडा जुळवला तरच उघडते. भिंतीला बोल्टनं, तीही विटेत किंवा काँक्रीटमध्ये; नुसत्या गिलाव्यात बसवलेली पेटी पहारीच्या एका हिसक्यात भिंतीसकट हातात येते. पुढच्या दाराजवळ नको. घराच्या बाजूला, कमरेच्या खाली, रस्त्यावरून दिसणार नाही अशी. चार चाकांच्या पेटीत 10,000 आकडे होतात. दहा बटणांच्या बऱ्याच पेट्यांमध्ये बटणं कुठल्या क्रमानं दाबली याला महत्त्व नसतं, त्यामुळे सगळे मिळून 1,024 जोडच होतात. शिवाय रोजची चार बटणं झिजून चकाकायला लागतात. म्हणून मी चाकांचीच घेईन. पेटी बंद केल्यावर चारही चाकं फिरवा. बहुतेक लोक शेवटचं एकच चाक एक घर पुढे ढकलतात आणि झालं म्हणतात. जन्मसाल नको, घराचा नंबर तर नकोच नको.

पेटी नसेल बसवायची, तर घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत घालून किल्ली दारापासून लांब, मागच्या बाजूला पुरा. खूण मनात ठेवा: नळापासून तीन वीत वगैरे. डबी खरोखर हवाबंद हवी. मी स्वतः एकदा जुन्या गोळ्यांच्या डबीत पोलादी किल्ली घालून पुरली होती. पावसाळ्यानंतर काढली तर खाचांत गंज भरलेला, कुलपात अर्धी जाऊन अडकली. चावीवाल्यानं स्वतःचंच कुलूप ड्रिलनं फोडलं. शेजारी सगळा वेळ कठड्याला टेकून बघत होते. तेव्हापासून बाहेर पितळेचीच. ती हिरवी पडते, पण फिरते. लोहचुंबकाची डबी असेल तर ती लोखंडालाच धरते, ॲल्युमिनियमच्या खिडकीला नाही, आणि लोखंड गंजून पापुद्रे सुटले की डबी एक दिवस खाली पडलेली दिसते.

किल्लीवर चिठ्ठी, पत्ता, काही नको. यजमानांना कुठली किल्ली ते कळावं म्हणून तिचा फोटोही पाठवू नका. 2008 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी गच्चीवरून, 195 फुटांवरच्या टेबलावर पडलेल्या किल्लीचा फोटो काढला आणि त्यावरून चालणारी किल्ली बनवता येते हे दाखवलं. खाचांची खोली दिसली की आमचं काम झालं.

नवी किल्ली मूळ किल्लीवरून काढून घ्या. नकलेची नक्कल काढली की कानशीची चूक वाढत जाते. आणि दार उघडं ठेवून ती दहा वेळा फिरवून बघा. तुमच्या बाबतीत महत्त्वाचं म्हणजे, आतल्या बाजूनं कुलपात किल्ली लावून ठेवायची सवय असेल तर मोडा. बऱ्याच सिलिंडर कुलपांत मग बाहेरची किल्ली शिरतच नाही. आतून कडी लागलेली असेल तर ही सगळी उठाठेव फुकट, हे मोठ्या मुलांनाही सांगून ठेवा.

विश्वासाचं शेजारघर असेल तर मी किल्ली तिथेच ठेवीन. पण ते घर बंद असतानाच आपलं दार लागतं, हेही मी पुष्कळ पाहिलंय. तेव्हा बाहेरची जागा ठरवाच, आणि एकदा रात्री, टॉर्च न लावता, किल्ली काढून दार उघडून बघा. आत कुणीतरी जागं असताना.